आठ मिनिटं, दोनशे अंश

लॅपटॉपवर घोंगडी टाकली ती स्तामेननेच. हे त्याने पुढे पाच दिवस कोणाला सांगितलं नाही.

लॅपटॉप त्याच्या बायकोचा, नेवेनाचा. बारा वर्षांचा जुना, जाडजूड, एक बिजागरी सैल. ऑगस्टमध्ये नेवेना गेली, तेव्हापासून तो कपाटावर पडून होता. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी स्तामेनने तो खाली काढला, धूळ पुसली आणि चालू केला. पडद्यावर ठिपक्यांची माळ गोल फिरायला लागली आणि खाली वाक्य आलं, की काम चालू आहे, बंद करू नका. बराच वेळ झाला तरी माळ फिरतच राहिली. स्तामेनला वाटलं, सहा महिने थंडीत पडलेलं यंत्र आहे, येईल सावकाश. त्या खोलीतला हीटर त्याने नेवेना गेल्यापासून बंदच ठेवला होता. खोली गार पडली होती. त्याने लॅपटॉप पलंगावर गादीवर ठेवला, वरून लोकरीची घोंगडी पांघरली, कडा नीट दाबल्या आणि गहू आणायला बाजारात गेला.

एकतीस वर्षं तो व्रात्सा शहरातल्या पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. थंडीत पिठासारखं जे फुगून वर यायचं आहे ते झाकून ठेवायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. यंत्राला हवा लागते हे त्याला ठाऊक नव्हतं.

दीड तासाने परत आला तेव्हा घोंगडीखालून आतला पंखा किंचाळत होता. घोंगडी ओढली तर हाताला चटका बसला. पडद्यावर हिरव्या-गुलाबी उभ्या रेघा होत्या, वरचं चित्र खाली आणि खालचं वर. बघता बघता पडदा काळा झाला. स्तामेन पलंगाच्या कडेवर बसला. पुढच्या शनिवारी नेवेनाला जाऊन सहा महिने होत होते, आणि तिचं पत्रक त्या यंत्रात होतं.

माणूस गेलं की व्रात्सात त्याचं शोकपत्रक छापतात. फोटो, नाव, दोन ओळी. ते इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, रस्त्यातल्या झाडांवर लागतं. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग वर्षाने. नेवेना छापखान्यात अक्षरजुळणी करायची. छापखाना बंद पडल्यावर ती घरी बसून हीच पत्रकं करायची, अख्ख्या वस्तीची. रस्त्यातून जाताना दुसऱ्या कोणी केलेलं पत्रक दिसलं की थांबून त्यातल्या चुका काढायची. मेलेल्या माणसाला दुरुस्ती सांगता येत नाही, म्हणून जिवंत माणसाने दोनदा वाचावं, असं तिचं म्हणणं.

चाळीस दिवसांचं पत्रक स्तामेनने अंत्यविधीच्या दुकानातून करून घेतलं होतं. त्यांनी ओळखपत्रावरचा फोटो इतका ताणला की नेवेनाचा चेहरा भाकरीसारखा रुंद झाला. स्तामेनने पाहिलं, पैसे दिले आणि गपगुमान लावून आला. त्यानंतर महिनाभर तो मागच्या गल्लीने घरी येत होता.

पण सहा महिन्यांचं तिने स्वतः करून ठेवलं होतं. जुलैमध्ये, बसवतही नव्हतं तेव्हा, उशांना टेकून दोन दिवस ती लॅपटॉपवर काहीतरी करत बसली होती. झाल्यावर झाकण मिटून म्हणाली होती, "चाळिसाव्याचं तू कर तुला जमेल तसं. सहा महिन्यांचं मी केलंय. तेच लाव, बदलू नकोस." त्याने हो म्हटलं होतं. काय लिहिलंय हे विचारायचा धीर त्याला झाला नव्हता. नंतर ते यंत्र उघडायचाही झाला नव्हता.

सोमवारी तो लॅपटॉप शालीत गुंडाळून बाजारामागच्या गालिनच्या दुकानात गेला. गालिन चाळिशीचा, टकला, दुकानात जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. त्याने शाल बघितली आणि म्हणाला, "काका, हे काय, बाळंतीण आहे का?"

स्तामेन हसला नाही. गालिनने यंत्र चालू केलं. रेघा आल्या. त्याने मागून वायर जोडून आपला दुसरा पडदा लावला, त्यावरही त्याच रेघा आल्या. पडदा बिघडला असता तर इथे चित्र स्वच्छ आलं असतं, त्याने समजावलं. दोन्हीकडे रेघा म्हणजे चित्र जिथे तयार होतं तिथेच दुखणं आहे. ग्राफिक्स कार्ड. आणि या लॅपटॉपमध्ये ते कार्ड सुटं नसतं, मुख्य बोर्डावरच डाख देऊन जोडलेलं असतं, बदलता येत नाही. खाली शेकडो बारीक टाके असतात कथलाचे. तापून तापून त्यातले काही तडकतात.

त्याने विचारलं, पडला होता का कुठे, फार तापला होता का. स्तामेन म्हणाला, नाही.

मग गालिनने डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. स्तामेनचा जीव भांड्यात पडला, कारण आतलं सगळं जसंच्या तसं होतं. दोनशे चौदा पत्रकं, प्रत्येकावर मेलेल्याचं नाव. खालून तिसरी फाइल होती 'नेवेना दिलोवा, सहा महिने'. गालिनने ती उघडायला दाबली. उघडेना. त्याने तीन-चार तऱ्हांनी करून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलला. हा छापखान्याचा जुना प्रोग्रॅम आहे, तो म्हणाला, बनवणारी कंपनी कधीच बुडाली. आणि तो याच एका बोर्डाला बांधलेला आहे, दुसऱ्या यंत्रावर चालायचा नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे कुलपाची किल्ली कुलपातच अडकलीय, काका. हा लॅपटॉप दहा मिनिटं धड चालला पाहिजे. तेवढ्यात फाइल उघडायची आणि छापायची. दुसरा मार्ग नाही."

गालिनने आणखी एक खटपट केली. कार्डाला निजवून यंत्र साध्या चित्रावर चालू केलं. रेघा गेल्या, अक्षरं मोठी मोठी आणि ओबडधोबड आली, पण स्थिर. स्तामेन पुढे वाकला. मात्र नेवेनाच्या प्रोग्रॅमने कार्ड नाही असं पाहिलं आणि तो उघडायच्या आधीच मिटला. तीनदा उघडला, तीनदा मिटला. गालिनने पंख्यातली धूळ काढली; वाटीभर निघाली. चिपवर नवा लेप लावला. मग म्हणाला, सोफियाला पाठवलं तर गरम हवेच्या मशीनवर टाके बसवून देतात, दोन आठवडे लागतील.

"शनिवार आहे माझा," स्तामेन म्हणाला.

"मग थंडीत चालवून बघा. कार्ड तापलं की मरतंय, तर तापू देऊ नका. आणि फाइल उघडली की बघत बसू नका, आधी छापा."

मंगळवारी सकाळी बाहेर उणे सहा होतं. स्तामेनने बाल्कनीत आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी स्टूल मांडलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, खाली दोन लाकडी पट्ट्या दिल्या. नेवेनाचा प्रिंटर दारात आणला. कोट, टोपी घालून बसला आणि घड्याळ समोर ठेवलं.

यंत्र सुरू व्हायलाच चार मिनिटं गेली. प्रोग्रॅम उघडायला दोन. यादी खाली सरकवताना त्याची बोटं एवढी गारठली होती की भलत्याच मेलेल्यावर दाबलं जात होतं. अकराव्या मिनिटाला रेघा आल्या आणि सगळं गोठलं. त्याने यंत्र बंद केलं, तासभर तिथेच गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. यावेळी यादी आठवत होती. सरळ खालून तिसऱ्यावर दाबलं. पांढरं पान आलं. त्यावर काळी चौकट. चौकटीत वरून एकेक पट्टी उतरू लागली, जिना उतरावा तशी. आधी ओळ आली: 'सहा महिने झाले.' मग फोटोचा वरचा भाग. नेवेनाचे केस, मग कपाळ, मग भुवया.

गालिन म्हणाला होता आधी छापा. स्तामेनचा हात माउसवर होता. पण भुवयांच्या खाली डोळे यायचे होते, आणि तो बघत राहिला.

भुवयांवरच रेघा आल्या.

तिसऱ्यांदा यंत्राने आवाज केला, पण पडदा उजळला नाही. चौथ्यांदाही नाही. तो लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात घेऊन आला, तशी त्यावर घाम फुटल्यासारखे थेंब जमले. त्याने टॉवेलने टिपून घेतलं आणि टॉवेल तसाच हातात धरून उभा राहिला.

समोरच्या दारातली दोन्काताई आली ती शनिवारी कबरीपाशी पावाबरोबर वाटायचा गहू शिजवण्याचं पातेलं मागायला. पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी हैराण, जीभ मात्र धडधाकट. नेवेनाची रोजची कॉफी तिच्याकडे व्हायची. तिने टॉवेल बघितला, लॅपटॉप बघितला आणि खुर्ची ओढली. स्तामेनने सगळं सांगितलं, घोंगडी वगळून. दोन्काताईचं म्हणणं पडलं की एवढा जीव काढण्यात अर्थ नाही. पत्रकावर काय लिहितात ते सगळ्या गावाला पाठ आहे. कष्टाळू, प्रेमळ, विसरणार नाही. दुकानातून घे, लाव, मोकळा हो.

"तिने सांगितलंय तेच लावायचंय."

"काय एवढं लिहिलं असेल? हिशेब तर लिहिला नसेल ना तुझा?" दोन्काताई म्हणाली, आणि मग तिला एकदम आठवलं. "अरे स्तामेन, माझं पण त्यातच आहे की."

नेवेनाने तिचंही पत्रक करून ठेवलं होतं, तिच्याच आग्रहाने. फक्त तारखेची जागा मोकळी. फोटो चाळिशीतला, समुद्रावरचा. मुलगा भलताच फोटो लावेल ही तिला धास्ती.

"हे दुरुस्त झालं नाही तर मला मरता पण यायचं नाही," ती म्हणाली, आणि पातेलं न घेताच गेली.

बुधवारी दुपारपर्यंत स्तामेनला जेवण गेलं नाही. नेवेनाच्या अर्ध्या चेहऱ्याची भीती त्याच्या मनातून जाईना. तिने काय लिहिलं असेल याची भीती त्याहून मोठी होती. आजारपणात ती काही बोलली नव्हती. तो तरी कुठे बोलला होता. एकतीस वर्षं ती उठायची तेव्हा तो झोपायला जायचा. तिला एवढ्या वर्षांत बोलता आलं नाही ते जर तिने तिथे लिहिलं असेल, आणि ते सगळ्या वस्तीने वाचायचं असेल, तर? एकदा तर त्याला वाटून गेलं की यंत्र मेलं तेच बरं झालं. या विचाराची त्याला इतकी शरम वाटली की तो लगेच कोट घालून गालिनकडे निघाला.

गालिनने यंत्र चालू करून पाहिलं, मान हलवली. मग बराच वेळ पाना-पेचकस चाळवत बसला. शेवटी म्हणाला की एक उपाय आहे, पण तो मी करत नाही आणि करा असंही सांगत नाही. लोक बोर्ड भट्टीत घालतात. घरच्या ओव्हनमध्ये. दोनशे अंश, आठ मिनिटं. तडकलेले टाके मऊ होऊन जागेवर बसतात. कधी महिना चालतं, कधी एक दिवस, कधी ओव्हनमध्येच संपतं. एकदाच करता येतं. दहा अंश कमी पडले तर काहीच होत नाही, वीस जास्त झाले तर चिप खाली घरंगळते. आणि त्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न करायचं नाही, विषारी धूर बसतो.

"दोनशे," स्तामेन म्हणाला. "वरून की खालून?"

गालिनने त्याच्याकडे पाहिलं. "काय करायचात तुम्ही, काका?"

"पाव."

गालिनने दुकानाचं दार आतून लावलं आणि लॅपटॉप उघडायला घेतला. एकोणतीस स्क्रू. पंखा, बॅटरी, मेमरीच्या पट्ट्या, प्लास्टिकचं जे जे होतं ते सगळं काढलं. उरला तो हिरवा बोर्ड त्याने बुटांच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांवर ठेवला. फॉइलच्या चार गोळ्यांवर ठेवायचं, चिप वर, आणि झाल्यावर पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. टाके मऊ असताना हललं तर सगळं गेलं. सगळं त्याने दोनदा सांगितलं. बुधवार संध्याकाळपर्यंत खोकं स्तामेनच्या टेबलावर होतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता त्याने ओव्हन लावला. घरच्या ओव्हनच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. हा ओव्हन मागून तापायचा, पुढून मंद, आणि दोनशेवर ठेवला की किती देतो ते देव जाणे. पत्र्यावर त्याने तीन ठिकाणी चिमूट चिमूट पीठ टाकलं आणि काचेतून बघत आकडे मोजायला लागला. दोनशेला पीठ अमुक वेळात बदामी होतं, त्याच्या आत होत नाही आणि त्याच्यापलीकडे थांबत नाही. मागचं पीठ लवकर काळवंडलं. त्याने गोल बटण केसभर मागे फिरवलं, पत्रा पुढे घेतला, नवं पीठ टाकलं. चौथ्या खेपेला तिन्ही चिमटी एकसारख्या बदामी झाल्या. मग त्याने फॉइलच्या चार गोळ्या वळून पत्र्यावर मांडल्या.

दोन्काताई येऊन दारात टेकली होती. माझंही त्यातच आहे, मग मी बघणार, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

त्याने बोर्ड आत ठेवला आणि दार हलक्या हाताने लावलं. आठ मिनिटं.

दुसऱ्या मिनिटाला काहीच नव्हतं. तिसऱ्याला वास सुटला, तापलेल्या नव्या बुटांसारखा, मग तिखट. दोन्काताईने न विचारता खिडकी उघडली. चौथ्या मिनिटाला आत कुठेतरी टक्क असा आवाज झाला. स्तामेनचा हात बटणाकडे गेला, तिथेच थांबला. मध्येच उघडलं तर थंड हवा शिरणार, टाके अर्धवट बसणार. नाही उघडलं आणि ती चिपच असेल तर... त्याने हात काखेत दाबून धरला.

"घोंगडी मीच टाकली," तो म्हणाला.

"कसली घोंगडी?"

"त्याच्यावर. चालू करून. पिठावर टाकतो तशी. मीच मारलं ते."

दोन्काताईने काचेतून आत डोकावलं. "तिला ठाऊक असणार, तू असलं काहीतरी करणार म्हणून," ती म्हणाली. "सहा मिनिटं झाली. घड्याळाकडे बघ."

आठव्या मिनिटाला त्याने ओव्हन बंद केला, दार चार बोटं उघडून लाकडी उलथणं अडकवलं आणि मागे सरला. जवळून ट्रकही जाऊ नये असं त्याला वाटत होतं. दोन्काताई खोकायचं ते बाहेर जिन्यात जाऊन खोकली. दोन तास दोघं जागचे हलले नाहीत. तिने विचारलं की आता शनिवारचा पाव कुठे भाजणार. तिच्याकडे, असं तिनेच ठरवून टाकलं.

चिप जागेवर दिसत होती. पण दिसण्यावर काही नव्हतं.

तीन वाजता आपल्या दुकानात गालिनने शेवटचा स्क्रू आवळला. स्क्रू अठ्ठावीसच भरले, एक उरला. तो त्याने गुपचूप वाटीत टाकला. आपला प्रिंटर जोडला, दार-खिडकी उघडून दुकान गार केलं, आणि बटण दाबलं.

पडदा काळा होता. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. स्तामेन भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होता. तिथेच बघत राहायचं असं त्याने ठरवलं होतं.

"आला," गालिन म्हणाला.

रेघा नव्हत्या. गालिन भराभर दाबत गेला, प्रोग्रॅम, यादी, खालून तिसरं. चौकट आली. पट्ट्या उतरू लागल्या. स्तामेनने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "छाप. आधी छाप."

प्रिंटर घरघरला. एक कागद, दुसरा, पाच कागद. पाचवा बाहेर येतोय तोच पडद्याच्या कोपऱ्यात गुलाबी ठिपके दिसायला लागले. दोन्काताईचं पत्रक, स्तामेनने आठवण केली. गालिनने उघडलं. समुद्रही उतरला, तिची टोपीही उतरली, आणि हनुवटीपाशी पडदा एका झटक्यात विझला. तो पुन्हा उजळला नाही. गालिनने बटण दाबून धरलं, बॅटरी काढून घातली, मग हात खाली घेतला.

मग त्याने प्रिंटरमधले कागद उचलले आणि वरच्यावर नजर टाकली. वाचून झाल्यावर तो पुन्हा वरून वाचू लागला.

"चूक आहे?"

"चूक नाही," गालिन म्हणाला. "घ्या, काका. तुमचं आहे."

फोटोत नेवेना छापखान्याच्या दारात उभी होती, डोळे बारीक करून, कोणाची तरी चूक सापडल्यासारखी. खाली तिच्या नेहमीच्या सरळ, मोकळ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'सहा महिने झाले. मी गेले ते तुम्हाला ठाऊक आहे, पुन्हा सांगत नाही. दुसऱ्या मजल्यावर सहा नंबरात माझा नवरा आहे. एकतीस वर्षं मी तुम्हाला जिन्यात हळू बोला म्हणत आले, कारण तो झोपलेला असायचा. आता तो जागा असतो. त्याला जेवायला बोलवा. जेवलो म्हणेल. जेवलेला नसतो. दोनदा विचारा. नेवेना दिलोवा.'

स्तामेनने ते तिथेच उभ्याने दोनदा वाचलं. कान तापले. अख्ख्या वस्तीसमोर तिने त्याचं ताट मांडलं होतं. गालिनने हळूच विचारलं, हवं तर साधं एक करून देऊ का, फोटो तोच ठेवून. फोटो कागदावरून उचलता येईल. स्तामेन म्हणाला बघतो, आणि कागद कोटाच्या आत घालून घरी आला. तिने बदलू नकोस म्हटलं होतं. पण त्याने हो म्हटलं तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊला, सगळे कामावर गेल्यावर, त्याने पिठाची खळ शिजवली. बसथांब्यावर लावायचं नाही, झाडांवर नाही. एवढं त्याने स्वतःशी ठरवलं. शेजाऱ्यांना लिहिलंय, शेजारी दारातून येतात-जातात. इमारतीच्या दारावर, आतल्या बाजूला, एकच कागद त्याने चिकटवला, तळव्याने कडा दाबल्या आणि धावत म्हणावं तसा वर आला.

मग तो स्वयंपाकघरात बसून ऐकू लागला. खालचं दार वाजलं की पावलं यायची, थांबायची. वाचण्याएवढा वेळ थांबायची. मग जिना चढायची. त्याच्या दारासमोर हळू व्हायची, आणि पुढे जायची. बारा वाजता एक. दोन वाजता दोघी, कुजबुजत. दोन्काताईने दारावर थाप मारून सांगितलं की मी वेगळं बोलावणार नाही, तुझा पाव माझ्याकडे भाजायचाच आहे, पण मला दोनदा विचारायला लावलंस तर बघ. चार वाजेपर्यंत सहा जण वाचून गेले. कोणी घंटी वाजवली नाही. वाजेल म्हणून तो सकाळपासून घाबरत होता. आता वाजली नाही म्हणून घाबरला. म्हणजे सगळ्यांनी वाचलं आणि सगळे पुढे गेले. उद्या कबरीपाशी हेच लोक हातात गहू घेऊन देव क्षमा करो म्हणतील, आणि कोणी त्याच्याकडे बघणार नाही.

पाचला त्याला राहवेना. पीठ खरवडायची पत्ती घेऊन तो खाली गेला. खळ वाळली होती, पण कडेने निघाली असती.

दारापाशी एक माणूस उभा होता. साठीचा, दाट मिशांचा, दोन्ही हातांत पिशव्या. रोजचा चेहरा होता, पण नाव काही आठवेना. खरं तर कधी कळलंच नव्हतं. तो ओठ हलवत वाचत होता. वळून त्याने स्तामेनला पाहिलं, हातातली पत्ती पाहिली आणि अवघडला.

"तुम्हीच ना ते," तो म्हणाला. "आमच्याकडे बीन्सचं सूप आहे आज. वेगळं काही नाही. येता का?"

"जेवलो मी," स्तामेन म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआपच निघालं.

माणसाने कागदाकडे पाहिलं. पिशव्या खाली ठेवल्या. शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं, आपण बरोबर वाचलं की नाही याची खात्री करावी तसं, आणि पुन्हा विचारलं.

स्तामेनने पत्ती कोटाच्या खिशात सरकवली. एक पिशवी उचलली आणि विचारलं, कितवा मजला.